मोठीआईला गाडी लागते

"हा कप म्हंजे दादा, पुढच्या शिटावर. हा मी, गाडी चालवायला. मधल्या दोन खुर्च्यांवर आई आन् वैष्णवी, एकेक जुळी मांडीवर. मागं सत्यम आन् माऊली." रामनं ट्रेमधला एकेक कप उचलून ओसरीच्या फरशीवर ओळीनं मांडला आणि हात झटकले. "झाले सहा. सहा शिटाचीच घेऊ."

ट्रेमध्ये सातवा कप तसाच राहिला...

चहा बायनाबाईनं केला होता, माऊलीचं दूधही तिनंच कपात ओतलं होतं आणि तो सातवा कप तिचा स्वतःचा होता. रामची बोटं त्या कपाकडं वळलीसुद्धा नाहीत. बरं, पोराला वाईट म्हणावं तर तेही नाही. त्यानं लगेच मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि तोंडभर मायेनं म्हणाला, "मोठीआईला गाडी लागते ना, तिला कशाला उगं तरास. न्हाई का गं मोठीआई?"

आता ह्यावर माणसानं काय म्हणावं? शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती. बायनाबाई काही गरीब गाय नव्हती. नेकनूरच्या बाजारात तिच्याशी भाव करायला माणसं दोनदा विचार करायची. पण मायेनं मारलेल्या चापटीला उत्तर कुठून आणणार! ती नुसती हसली. "व्हय बाबा, लागते," म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली.

बाहेर बोलणी चालूच राहिली. जुनी गाडी पाच शिटांची, आठ वर्षांपूर्वीची. छोटीच, पण ऐटबाज. घरात माऊली आला तोवर तिनं कसंबसं निभावलं, पण रामच्या बायकोला, वैष्णवीला, या खेपेला जुळ्या मुली झाल्या आणि गाडीनं हात टेकले. परवा एका साखरपुड्याला निघाले तर दुपट्यांच्या पिशव्या सत्यमच्या डोक्यावर आणि माऊली आजोबाच्या मांडीवर. बीडच्या शोरूममध्ये सहा शिटांची मोठी गाडी तयार उभी होती, आठ दिवसांत हातात. मधे अख्खा लांब बाक असलेली सात शिटांची हवी तर दोन महिने थांबायचं. आणि पुढच्या महिन्यात तर अंबाजोगाईला योगेश्वरीपुढं जुळ्यांचं जावळ ठरलेलं. मग निर्णय काय अवघड होता? सातवी सीट लागतेच कुणाला?

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बायनाबाईनं तो चहा प्याला. गार झाला होता. या घरात एक गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. बायनाबाईला गाडी लागत नव्हती. उभ्या जन्मात कधी लागली नव्हती.

ही भानगड सुरू झाली रामच्या लग्नात, सहा वर्षांपूर्वी. या घराची रीत अशी, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीनं उपरण्या-शालूची गाठ न सोडता योगेश्वरीपुढं जायचं. गाठ सुटेल ती देवीच्याच पायाशी. म्हणजे राम गाडी चालवणार नाही, तो नवरीला बांधलेला. त्याचा भाऊ सत्यम चालवायला बसला, वडील अर्जुनराव, म्हणजे दादा, पुढं. मागं नवरानवरी आणि उरली एक जागा. दारात दोघी जावा उभ्या. धाकटी कौसाबाई, नवरदेवाची आई, आणि थोरली बायनाबाई, जिनं नवरदेवाला अंगाखांद्यावर वाढवलेला. कौसाबाई साधी बाई, लगेच म्हणाली, "आक्का, तुमी बसा. मी राहते." म्हणाली खरी, पण तिची नजर गाडीतल्या लेकावर खिळलेली होती. आईनं घरी राहायचं आणि सुनेची गाठ दुसरीनं सोडवायची, हे बायनाबाईच्या काळजाला रुचेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मला न्हाई बाई जमायचं, मला गाडी लागते." कौसाबाईला आत ढकलून दार लावलं. गाडी धुरळा उडवीत गेली, तेव्हा बायनाबाईला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं होतं. एवढंसं खोटं, आणि केवढं समाधान!

पण खोट्याला या घरात फार जीव लावला गेला. दुसऱ्या खेपेला कौसाबाईनं तिच्यासाठी आल्याच्या वड्या करून ठेवल्या. गाडीच्या पुढच्या कप्प्यात कायमचं एक लिंबू आलं. रामनं बीडहून गोळ्या आणल्या आणि वर स्वतःच म्हणाला, "पर गोळीनं झोप येते मोठीआई, तू घरीच आराम कर." पाहुण्यांना, सोयऱ्यांना सगळ्यांना ठाऊक झालं. माऊलीचं जावळ झालं, तेव्हाही ती घरी. घरातल्या थोरल्या बाईच्या पदरात पहिली बट पडायची, तो मान तिचा होता. बट कौसाबाईच्या पदरात पडली आणि कागदाच्या पुडीत बांधून तिच्यासाठी आणली. ती पुडी बायनाबाईच्या ट्रंकेत शहादेवच्या फोटोखाली होती. शहादेव तिचा नवरा, जाऊन वीस वर्षं झालेली. पोटी लेकरू नाही. दीर अर्जुन नऊ वर्षांचा असताना ती या घरात आली आणि वर्षभरात सासू गेली; तेव्हापासून तोच तिचं पहिलं लेकरू.

आणि आता त्याच्याच ओसरीवर तिचा कप मोजला गेला नव्हता. जुन्या गाडीत जागाच नव्हती, म्हणून ती राहिली. ते तिनं आनंदानं सोसलं. पण नव्या गाडीत जागा करता येत होती आणि कुणी करत नव्हतं... हे सोसण्यापलीकडचं होतं. ही गाडी पुढं दहा वर्षं तरी चालणार. बायनाबाईचं वय त्रेसष्ट. हिशेब साधा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाँद आला. बसस्टँडच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. गाडीची पहिली सर्व्हिसिंग त्यानं केलेली, आता जुनी गाडी तोच घेणार होता. खांद्यावरच्या फडक्यानं बोनेट पुसत त्यानं दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घालून बघितली आणि सहज विचारलं, "नवी किती शिटाची म्हणालाव?"

"सहा," राम म्हणाला.

चाँदनं बोटं मोजली. "जुळ्या सोडून बी तुमी सातजण की."

"मोठीआईला गाडी लागते ना, चाँदभाई."

चाँद असा हसला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "कुणाला? बायनामावशीला? मजाक करतो काय बे?" तो ओसरीकडं वळला. "मावशी, सांगा की ह्याला. दोन साल झाले, तुमी समदे तलवाड्याला लग्नाला गेलते. नांदूरघाटून फोन आला, मावशीची भैन लई सीरियस. एस्टी निघून गेल्ती. मी माझ्या टेम्पोत घेऊन गेलतो. मागं टरबूज, पुढं मी, मावशी आन् आमची अदिबा. तवा त्या रस्त्याचं काम चालू, मधी मधी नुसती खडी. अदिबा चार बारी ओकली. ही मावशी एका हातानं पोरीचं कपाळ धरून बसली व्हती आन् दुसऱ्या हातानं भजे खात व्हती!"

कुणीच हसलं नाही. चाँदच्या ते थोडं उशिरा लक्षात आलं. "मी... मागचं चाक बघतो," म्हणत तो गाडीमागं गेला आणि तिथंच बराच वेळ बसून राहिला.

ओसरीवर सगळे होते. अर्जुनराव खुर्चीत, कौसाबाई शेंगा फोडत, वैष्णवी एका मुलीला थोपटत. दुसरी बायनाबाईच्याच मांडीवर झोपलेली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडं. बायनाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं, सहा वर्षांच्या सरावानं आपोआप आलेलं. त्या दिवशी गोळी घेतली होती म्हणायचं की झालं. घर पुन्हा निवांत होईल, सहा शिटांची गाडी येईल, जावळ होईल आणि आणखी दोन पुड्या ट्रंकेत जातील.

तिनं मांडीवरच्या लेकरावरून हात फिरवला. मऊ, काळंभोर जावळ होतं...

"मला गाडी लागत न्हाई," ती म्हणाली. "कधीच लागली न्हाई. त्या दिवशी गाडीत जागा नव्हती, म्हणून बोलले."

"कोणत्या दिवशी?" वैष्णवीनं विचारलं, पण विचारतानाच तिला उमगलं असावं, कारण तिचा थोपटणारा हात थांबला.

"तुझी गाठ सोडायला गेले तवा."

शेंगांचं सूप कौसाबाईच्या हातून कलंडलं. अर्जुनराव मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला नाही, तो कठीण झाला, आणि ते बायनाबाईनं अपेक्षिलं नव्हतं.

"सहा वर्षं, वैनी," ते सावकाश म्हणाले. "सहा वर्षं तुला घरी सोडून आमी देवाला गेलो, लग्नाला गेलो. गावात लोक बोलायचे, म्हातारीला राखण ठिवून हे हिंडतेत. मी भांडलोय लोकासंगं. म्हणलो, आमच्या वैनीला गाडी लागते, तुमाला काय म्हाईत. सोयऱ्यांत तोंड वर करून सांगितलं म्या. मोठेपण तुझं झालं. पाप आमच्या पदरात टाकलंस. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी टपावर बसून गेलो असतो. मला तेवढंबी परकं केलंस?"

घाव वर्मी लागला. कारण तो खरा होता. आपल्या त्यागाची दुसरी बाजू अशी असेल, हे बायनाबाईच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पण आवाज तिनं ढळू दिला नाही. मोडून पडायला तिला आयुष्यात सवड कधी मिळालीच नव्हती, तर आत्ता कुठली मिळणार.

"खोटं माझं हाय," ती म्हणाली. "ते मी कुणावर ढकलत न्हाई. पयल्या दिवशी बोलले, त्याचा मला आजबी पस्तावा न्हाई. दुसऱ्या बारीला बोलले, ती चूक झाली. पर तिसऱ्या बारीपासून मी बोललेच न्हाई, अर्जुन. तुमीच बोलायला लागले. मी चप्पल घालून उभी असायची आन् आतून तुमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, तिला गाडी लागते. एकदा तरी कुणी म्हणायचं होतं, चल, बघू, लागली तर थांबू रस्त्यात. नांदूरघाटून मी चार दिवसांनी आले. माझी भैन कशी हाय, सगळ्यांनी विचारलं. मी कशी गेलते, हे कावून न्हाई विचारलं कुणी?"

अर्जुनराव वाकून फरशीवर सांडलेल्या शेंगा सुपात भरायला लागले.

"आता ऐका," बायनाबाई म्हणाली. "मला जावळाला यायचंय. एस्टीनं न्हाई, दाटीवाटीनं कुणाच्या मांडीवर न्हाई. माझ्या शिटावर बसून यायचंय. त्यासाठी दोन महिने थांबावं लागत असंल तर थांबा. आजवर मी थांबले, आता तुमी थांबा."

बस, एवढंच. रडून नाही, पाया पडून नाही. वैष्णवी मात्र रडत उठली, मुलीला कौसाबाईकडं देऊन बायनाबाईजवळ येऊन बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मोठीआई, मी सहा वर्षं तुमच्या जागेवर बसले... आन् मला वाटायचं तुमाला आमच्यासंगं यायला आवडत न्हाई." बायनाबाईनं तिला मनसोक्त रडू दिलं. राम उठून ओसरीच्या टोकाला गेला आणि काल जिथं कप मांडले होते त्या फरशीकडं बघत उभा राहिला. अर्जुनराव चपला घालून शेताकडं निघून गेले.

दुपारच्या जेवणाला ते आले नाहीत. कौसाबाईनं सत्यमला डबा घेऊन पाठवलं. डबा तसाच परत आला. बायनाबाईचा जीव टांगणीला लागला. आपण जागा मागितली आणि माणूस गमावला की काय? पण शब्द मागं घ्यावा असं तिला एकदाही वाटलं नाही.

दिवस कलला, ती चुलीपाशी भाकरी थापत होती, तेव्हा अर्जुनराव आत आले. चोपन्न वर्षांचा, गावात चारचौघं ज्याला रामराम घालतात असा माणूस पाट न घेता तिच्यासमोर जमिनीवर बसला, नऊ वर्षांचा असताना बसायचा तसाच, गुडघे पोटाशी घेऊन.

"भूक लागली, वैनी."

तिनं तव्यावरची भाकरी तशीच त्यांच्या ताटात टाकली. चटणी वाढली. अर्जुनरावांनी एक घास घेतला, आणि मग तो घास तोंडात तसाच ठेवून त्यांचे खांदे हलायला लागले. बायनाबाईनं पिठाच्या हातानं त्यांचं डोकं जवळ ओढलं. चुलीवर पुढची भाकरी करपली, तीही कुणी उचलली नाही.

"बीडला फोन केला," डोळे पुसून ते शेवटी म्हणाले. "सहाची रद्द केली. सात शिटाची सांगितली. जावळ नवव्या महिन्यात न्हाई तर अकराव्यात करू. देवी काय कुठं पळून चालली का?" मग म्हणाले, "आन् पुढच्या शिटावर तू बसायचं."

"आन् तू?"

"मी मागं. सत्यमपाशी. मला काय कुठंबी चालतंय."

गाडी खरोखर दोन महिन्यांनी आली. जुनी चाँदनं नेली. जाताना त्यानं पुढच्या कप्प्यातलं वाळकं लिंबू काढून कौसाबाईच्या हातात दिलं, आणि कौसाबाईनं सवयीनं नव्या गाडीच्या कप्प्यात एक ताजं टाकलं.

जावळाच्या दिवशी बायनाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. राम चालवायला, शेजारी ती. मधल्या बाकावर कौसाबाई, वैष्णवी, दोघींच्या मांडीवर जुळ्या आणि खिडकीशी माऊली. अगदी मागं सत्यम आणि अर्जुनराव. गाडी नेकनूरच्या बाहेर पडली आणि बायनाबाईच्या तोंडाचा जो पट्टा सुरू झाला, तो केज गेलं तरी थांबेना. हे शेत अमक्याचं, इथं मामंजींची बैलगाडी उलटलेली, राम त्या ट्रॅक्टरला आधी जाऊ दे, हळू घे, आता घे! सहा वर्षांची राहिलेली वाट ती एका दिवसात बघून घेत होती. काचेतून ऊन तिच्या मांडीवर येत होतं आणि तिला ते अडवावंसं वाटत नव्हतं.

अंबाजोगाई जवळ आली तसा रस्ता वळणं घ्यायला लागला. मागून बराच वेळ आवाज नव्हता. "दादा, बरं हाय ना?" रामनं विचारलं.

"मला काय झालंय? मस्त हाय," मागून अर्जुनराव म्हणाले. "चालू दे तू."

बायनाबाई बोलता बोलता थांबली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ओठ मिटून, हसू ओढून काढलेला, दुसऱ्याचा आनंद मोडू नये म्हणून काढलेला तो आवाज तिनं स्वतः सहा वर्षं वापरला होता. तिनं मान वळवली. अर्जुनरावांच्या तोंडाला रुमाल होता आणि चेहरा पार पिवळा पडला होता.

"राम, गाडी बाजूला घे."

"अगं, आता आलंच की..."

"घे म्हणते ना."

गाडी थांबायचा अवकाश, रामनं माऊलीला उतरवलं आणि सत्यमनं मधल्या बाकाचं तेवढं टोक पाडून बापाला खाली उतरवलं. रस्त्याकडेच्या बाभळीखाली अर्जुनराव वाकले, आणि बायनाबाईनं त्यांचं कपाळ तळहातावर घट्ट धरलं. सगळं निघून गेल्यावर तिनं चूळ भरायला पाणी दिलं, लिंबू कापायला काही नव्हतं म्हणून दातानं सोलून त्यांच्या नाकाशी धरलं.

"लागते, तर सांगायचं न्हाई?" ती म्हणाली.

"तू इतकी खुशीत व्हतीस..." अर्जुनराव ओशाळून म्हणाले. "म्हणलं, कशाला."

बायनाबाई गाडीकडं वळली. सगळे दारांतून, काचांतून बघत होते. "समद्यांनी ऐका," ती म्हणाली. "ह्या घरात आता लागत नसताना लागते म्हणायचं न्हाई, आन् लागत असताना लागत न्हाई बी म्हणायचं न्हाई. मी बी न्हाई, तुमी बी न्हाई."

कौसाबाईला हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळ्यांना. हसता हसता वैष्णवीनं डोळे पुसले. अर्जुनराव लिंबू हुंगत पुढच्या दाराकडं निघाले, तशी बायनाबाई आडवी झाली.

"मधी बस, खिडकीपाशी. माऊली जाईल मागं चुलत्यापाशी. पुढची जागा माझी हाय."

"व्हय वैनी," अर्जुनराव म्हणाले आणि मुकाट्यानं मधे बसले.

मंदिराच्या आवारात वैष्णवीचा भाऊ, जुळ्यांचा मामा, मांडी घालून वाट बघत होता. न्हाव्यानं आधी एकीचं डोकं ओलं केलं, मग दुसरीचं. बायनाबाईनं हिरवा पदर दोन्ही हातांनी पसरला. पहिली बट पडली. दुसरीच्या वेळी कौसाबाई मागं सरकायला लागली, तशी बायनाबाईनं तिचा हात ओढून पदराचं एक टोक तिच्या मुठीत दिलं. मुली भोकाड पसरून रडत होत्या आणि दोघी आज्या त्यांच्याहून जास्त. त्या बटा तिनं तिथंच पदराला बांधल्या. त्यांना आता पुडीची गरज नव्हती.

परतताना केजला गाडी थांबली. राम टपरीवर गेला, बोटं न मोजता म्हणाला, "सात द्या. एकात दूध." ट्रे घेऊन आला आणि पहिला कप पुढच्या खिडकीतून आत दिला. बायनाबाईनं तो दोन्ही हातांत धरला. अजून वाफ येत होती. बाकीच्यांचे कप वाटून व्हायच्या आतच तिनं पहिला घोट घेतला.